मॉरिशस : पाहुण्यानें काय पाहावें

मॉरिशस या द्वीपराष्ट्राची आज आपणांस ओळख करून द्यावयाची आहे. आपल्याकडून तेथें जाणारे बहुतेक प्रवासी निळा समुद्र आणि पांढरी वाळू पाहून परततात. ती शोभा अवश्य पाहावी. तिच्यासाठीं मार्गदर्शकाची गरज नाहीं. तेथील माणसें मात्र समजून घ्यावीं लागतात, आणि त्यासाठीं थोडी पूर्वतयारी हवी.

हें बेट मादागास्करच्या पूर्वेस, हिंदी महासागरांत आहे. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ सुमारें १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण तिप्पट. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. या भूमीला मूळचे रहिवासी असे कोणीच नाहींत. जो तो समुद्रावरून आला. १५९८ सालीं डच आले. त्यांनीं आपल्या मॉरिस राजपुत्राचें नांव बेटाला दिलें, पुढें तेथें ऊंस आणला, आणि १७१० सालीं बेट सोडलें. १७१५ सालीं फ्रेंचांनीं ताबा घेतला व त्यांच्या अमदानींत आफ्रिका व मादागास्कर येथून हजारों गुलाम आणले गेले. १८१० सालीं इंग्रजांनीं बेट जिंकलें, तेव्हां रहिवाशांचे कायदे, चालीरीती व धर्म राखण्याचें वचन दिलें. म्हणूनच आजहि संसदेचा कारभार मुख्यतः इंग्रजींत, वर्तमानपत्रें बहुतांशीं फ्रेंचमध्यें, आणि बाजारांतलें बोलणें क्रिओलमध्यें, असा त्रिवेणी व्यवहार तेथें चालतो.

१८३५ सालीं गुलामगिरी उठली. मळेवाल्यांना मजूर हवे होते. ते आदल्या सालापासूनच कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून करारानें येऊं लागले होते. १८३४ ते १९२० या काळांत जवळजवळ पांच लाख मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्यांपैकीं कांहीं तेथून पुढें दुसऱ्या मुलखांत गेले. त्या धक्क्यास आतां ‘आप्रवासी घाट’ म्हणतात, व २००६ पासून तो जागतिक वारशांत गणला जातो. तो पाहावाच, परंतु तेवढ्यावर थांबूं नये. नैर्ऋत्येस ल मॉर्न नांवाचा डोंगर आहे. पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. २००८ सालीं त्यासहि तोच मान मिळाला. घाट पाहून डोंगर न पाहणाऱ्यास त्या देशाची अर्धीच कथा कळली असें समजावें.

राजधानींत एकाच रस्त्यावर जुम्मा मशीद आणि चिनी वस्ती जवळजवळ आहेत. महाशिवरात्रीस पांढरीं वस्त्रें नेसलेले यात्रेकरू कांवडी घेऊन पायीं गंगा तलावास जातात. चिनी नववर्ष, तामिळांची कावडी, ईद, दिवाळी, नाताळ, या सर्वांस सार्वजनिक सुटी असते. हें पाहून ‘किती हा एकोपा!’ असे उद्गार सहज निघतात. परंतु हा एकोपा आयता मिळालेला नाहीं. १२ मार्च १९६८ रोजीं राष्ट्र स्वतंत्र झालें. त्याच्या आधीं दोनच महिने राजधानींत जातीय दंगली पेटल्या होत्या. १९९९ सालीं एका लोकप्रिय गायकाचा पोलीस कोठडींत मृत्यू झाला, तेव्हांहि देश हादरला. १९९८ सालची गोष्ट तर मोठी बोलकी आहे. आधींच्या नोटांवर तामिळ मजकूर हिंदीच्या वर असे. नव्या नोटांवर तो खालीं गेला. तामिळ समाजास हा अपमान वाटला, आणि अखेर त्या नोटा परत घ्याव्या लागल्या. एका ओळीच्या वर-खालीं होण्यानें इतकें काय बिघडतें, असें आपण म्हणूं. पण लहान घरांत अनेक कुटुंबें नांदावयाचीं, तर कोणाचा पाट कोठें मांडला यास महत्त्व असतेंच.

मराठी प्रवाशास एक विशेष सूचना करावीशी वाटते. मुंबईहून गेलेल्या मजुरांत कोंकणांतील मंडळी पुष्कळ होतीं. त्यांचे वंशज आजहि स्वतःस मराठी म्हणवितात. गणेशचतुर्थीस तेथें राष्ट्रीय सुटी असते, व सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकण्याची सोय आहे. तथापि घरांत बहुधा क्रिओलच बोलली जाते. अशा गृहस्थाच्या तोंडीं आपली भाषा अडखळली, तर ‘तुम्ही मराठी विसरलां’ असें म्हणूं नये. सुमारें पावणेदोनशें वर्षें, मायदेशाचा आधार नसतां, त्यांनीं काय राखलें तें आधीं पाहावें. तसेंच, हिंदी नांवाचा मनुष्य भेटतांच त्यास ‘तुम्ही आमचेच’ म्हणून मिठी मारूं नये. त्याचे पूर्वज आपले असतील; देश मात्र त्याचा तोच आहे, आणि आफ्रिकी वंशाचा शेजारी त्याचा देशबंधु आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतों. तेथें ऋतु आपल्या उलट असतात. मे ते नोव्हेंबर हवा थंड व कोरडी, तर जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस. नाण्यास रुपया म्हणत असले तरी तो आपला रुपया नव्हे. आणि उपाहारगृहांत सेगा नृत्य पाहाल, तेव्हां मनोरंजन म्हणून पाहा, पण तें गुलामांच्या वस्तींत जन्मलें हें स्मरणांत असूं द्या. चार शब्द क्रिओलचे शिकून जावें. यजमानाच्या भाषेंत नमस्कार करणारा पाहुणा कोणासहि परका वाटत नाहीं.