न्याहारी आणि भोंगा



या व्याख्यानमालेत मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. त्यांच्यामागून बोलावयास उभा राहणारा मी शाळेत सातवीपर्यंतच गेलेला माणूस आहे. पुढचे जे काही शिकलो, ते कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. विषय काय घ्यावा असे चिटणिसांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, 'न्याहारी'. ते हसले. कामगार चळवळीतला माणूस संपावर बोलेल, बोनसवर बोलेल. हा पोहे-उपम्यावर काय बोलणार, असे त्यांना वाटले असावे. परंतु माणूस सकाळी काय खातो, किती वाजता खातो आणि खातो की नाही, एवढे समजले तर त्याची मजुरी, त्याची पाळी आणि त्याच्या घरातील बाईची स्थिती यांविषयी फारसे विचारावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रथम शब्दच पाहू. न्याहारी आणि नाश्ता हे दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. फारसीत 'नाश्ता' म्हणजे उपाशी, सकाळपासून पोटात काही न गेलेला. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण खाणे सुचवतो, तो मुळात भुकेचा शब्द आहे. हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

आपल्या खेड्यांत उठल्याबरोबर खाण्याची रीत नव्हती. शेतकरी अंधारात उठे, बैल सोडी, दोन-तीन तास नांगर धरी, आणि ऊन चढल्यावर बांधावर न्याहारी येई. रात्रीची शिळी भाकरी, ठेचा, कांदा, कुठे ताक. कोकणात पेज आणि तिच्याबरोबर मीठ-लोणचे. म्हणजे न्याहारी ही कामाच्या आधीची नव्हे, कामाच्या मधली गोष्ट होती. ती पाटीत घालून घेऊन येई ती घरची बाई. तिने स्वतः केव्हा खाल्ले, याची नोंद कोणी ठेवली नाही. त्या खाण्यात चैन नव्हती, पण एक गोष्ट होती. भूक लागली की माणूस औत थांबवू शकत होता. घड्याळ त्याच्या पोटात होते.

तोच शेतकरी सातारा-रत्नागिरीहून मुंबईस आला आणि घड्याळ गिरणीच्या भोंग्यात गेले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 साली साडेपाच हजार गिरणी कामगारांनी सह्या करून एक अर्ज केला. त्यातील मागण्या वाचण्यासारख्या आहेत. रविवारी सुट्टी द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. जखमी झालेल्याची सोय करा. आणि दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. अर्धा तास! घास गिळण्यापुरता वेळ मिळावा म्हणून साडेपाच हजार माणसांना सह्या कराव्या लागल्या. 1891 च्या कायद्याने तो अर्धा तास मिळाला. परंतु 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाही गेली. दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. 1911 साली कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी तो बारा तासांवर आणला. 1922 मध्ये आठवड्याचे साठ तास ठरले, 1934 मध्ये चोपन्न आणि 1946 मध्ये अठ्ठेचाळीस.

या पायऱ्या न्याहारीच्या इतिहासाच्याही आहेत. गिरणगावातील पुष्कळ कामगारांचे बिऱ्हाड गावी असे. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपणारे. त्यांना चूल नव्हती. दोन वेळचे जेवण खानावळीत होई. पण सकाळचे काय? तेथे पाव आला. पोर्तुगीजांकडून गोव्यात रुजलेला, गोवेकर भटारी आणि इराणी हॉटेलवाले यांनी मुंबईत घरोघर पोहोचवलेला. पावाला चूल लागत नाही, बाई लागत नाही, वेळ लागत नाही. चहात बुडवला की दातही लागत नाहीत. म्हणून चहा-पाव ही कामगाराची न्याहारी झाली. तो पावावर भाळला होता असे नव्हे. भाकरीला लागणारा वेळ भोंग्याने कापून घेतला होता.

आता कोणी म्हणेल, 'अहो, हा सारा आवडीचा प्रश्न आहे. आम्हाला पोहे आवडतात, शेजाऱ्याला इडली. यात मजुरी कोठून आली?' आवड ही खरी गोष्ट आहे, मी ती नाकारीत नाही. परंतु आवड आभाळातून पडत नाही. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. आपण तिला किती सोवळी मानतो! तिच्यातला साबुदाणा ज्या कंदाचा, तो अमेरिका खंडातला; शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, बटाटाही तिकडचाच. ती जहाजाने आली आणि आपल्या देवघरात जाऊन बसली. मला ती आवडते. सांगायचे इतकेच की परंपरेचा अभिमान बाळगताना तिचे वय विचारावे. व्यापार, सवड, पैसा आणि इंधन यांनी आवड घडते. पोहे घरोघरी का गेले? धान भिजवून, भाजून, कांडण्याचे काम आधीच कोणीतरी केलेले असते. बाईला दहा मिनिटांत डबा भरता येतो. जिला सात वाजता बस गाठायची आहे, तिची आवड दहा मिनिटांची असते.

चहाचेही तसेच. चहा हे आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे पेय नव्हे. 1903 साली सरकारने चहावर उपकर बसवणारा कायदा केला, त्या पैशातून चहाचा प्रचार झाला, आणि पुढे तो प्रचार आपल्या देशातील शहरांत व कारखान्यांतही शिरला. चहाने झोप उडते आणि भूक काही वेळ दबते. मालकाच्या दृष्टीने यासारखा सोयीचा पदार्थ नाही. परंतु दबलेली भूक भागलेली नसते. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह शरीरात पुरते मुरू देत नाही, हे डॉक्टर सांगतात. आणि 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत शेकडा सत्तावन्न रक्तक्षयाने पीडित आढळल्या. याला कारणे अनेक आहेत. पण सर्वांना खाऊ घालून उरलेल्या तव्यापाशी उभ्याने चहा पिऊन कामाला पळणारी बाई त्या आकड्यात आहे, एवढे मी खात्रीने सांगतो.

कायद्याने काही केले नाही असे नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेण्याआधी अर्धा तास विश्रांती सक्तीची केली, आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृहाची तरतूद केली. 1976 च्या दुरुस्तीने ठेकेदारामार्फत लावलेला माणूसही 'कामगार' या शब्दात आला. 2020 साली संसदेने मंजूर केलेल्या नव्या संहितेत ठेक्याचे धरून शंभर कामगारांवर उपाहारगृहाची अट आहे. हे चांगले झाले. पण त्याच संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. म्हणजे एका हाताने ताट पुढे करावे आणि दुसऱ्या हाताने पंगतीतली माणसे उठवावीत, असा हा प्रकार आहे.

एका कारखान्यातली हकीकत सांगतो. नावाची गरज नाही. तेथे कायम कामगारांना सकाळी उपमा आणि चहा मिळे. ठेक्यावरचे लोक त्याच यंत्रांवर, त्याच पाळीत काम करीत, पण त्यांना उपाहारगृहाचे दार बंद. ते बाहेर नळापाशी बसून बिस्किटाचा पुडा वाटून खात. आम्ही हा मुद्दा मागणीपत्रात घातला. बोलणीच्या वेळी समोरचे गृहस्थ म्हणाले, 'त्या लोकांना नाश्त्याची सवयच नसते.' आमच्यातला एक वयस्क फिटर शांतपणे म्हणाला, 'साहेब, सवय लागायला आधी अन्न लागतं.' पुष्कळ महिन्यांनी ते दार उघडले. पहिल्या आठवड्यात ती मुले आत यावयास संकोचत होती. ताट हातात घेऊन भिंतीशी उभी राहात. बसायला त्यांना आमच्या लोकांनी जागा करून दिली. त्या सरकून दिलेल्या जागेला मी संघटना म्हणतो.

कायदा आणि लढा यांच्या जोडीला तिसरी वाट आहे, ती सहकाराची. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव विस्कटले आणि त्यांची गिऱ्हाइकेही गेली, तरी संघटित बाई उभी राहू शकते हे त्यांनी दाखवले. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' केंद्रे काढून ओझी वाहणाऱ्यास परवडेल असे ताजे अन्न दिले. तमिळनाडूत 2022 साली सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांना सकाळची न्याहारी देण्यास सुरुवात झाली. उपाशी पोराला पाढे शिकवणे व्यर्थ आहे, हे त्या सरकारने ओळखले.

शेवटी आपल्याविषयी. आपण गावातली वाचणारी, ऐकणारी मंडळी आहात. उद्या सकाळी आपण पोह्यांवर लिंबू पिळाल, तेव्हा तोपर्यंत किती जणांनी आपल्यासाठी काम केलेले असेल ते मोजा. दूध टाकणारा, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, रस्ता झाडणारी बाई, धुण्याभांड्याला येणारी मावशी. यांतील किती जण खाऊन आले असतील? मावशींना आपण चहा देतो, आणि तो पुष्कळ ठिकाणी वेगळ्या कपात देतो. त्यांना 'मावशी, काही खाल्लंत का?' असे विचारणे ही भूतदया नव्हे. पहाटेपासून राबणाऱ्याची खाण्याची वेळ हा मजुरीचाच भाग आहे, हे मान्य करणे होय. आणि एकदा ते मान्य केले की वेगळा कप, उरलेले पोहे आणि न मिळणारी साप्ताहिक सुट्टी यांचाही हिशेब आपोआप निघेल. लोखंड्यांच्या त्या अर्जातील पहिली मागणी रविवारचीच होती.