अडाणी म्हणून गरीब, की गरीब म्हणून अडाणी?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कृषी पदवी घेऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा एक वाक्य पाठ करून निघालो होतो : शेतकरी अडाणी, म्हणून गरीब. पुराव्याला कागद असे. बुद्धीच्या चाचणीत गरिबाला गुण कमी, पैसेवाल्याला जास्त.

दोन गोष्टी अशा जोडीने वरखाली होतात, त्याला मानसशास्त्रात सहसंबंध म्हणतात. तो उणे 1 ते अधिक 1 या मापात मोजतात. पण आकडा कितीही मोठा निघो, कशामुळे काय झाले हे तो सांगत नाही.

आपली कपाशीच बघा. ज्या वर्षी फवारे जास्त, त्या वर्षी कापूस कमी. मग फवाऱ्याने कापूस घटला काय? बोंडअळी आली, तिनेच फवारे वाढवले, तिनेच बोंडे खाल्ली. चोर तिसराच!

मग गरिबी आणि बुद्धी यांत आधी कोण? तामिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. त्यात गरिबाची श्रीमंताशी तुलना नव्हती. तोच शेतकरी तोडीआधी, हात रिकामा आणि दागिने गहाण असताना तपासला; पुन्हा उसाचे पैसे आल्यावर तपासला. सगळ्यांची तोड एकाच वेळी नसते, म्हणून हा ऋतूचा परिणाम, असेही म्हणता येईना. माणूस तोच, शिक्षण तेच. पैसे आल्यावर गुण वाढले!

या अभ्यासावर काही तज्ज्ञांनी शंका घेतल्या. घ्याव्यातच. पण ‘अडाणी म्हणून गरीब’ हे वाक्य आता कोणी बिनधास्त फेकू शकत नाही. देण्याची चिंताच डोके खाते, हे ज्याच्या घरी चुकारा अडकला त्याला सांगायला नको.

तेव्हा कोणी आकडे दाखवून ‘याच्यामुळे ते’ म्हणाला, तर तीन प्रश्न विचारा. उलटे तर नाही ना? तिसरे काही दडले नाही ना? त्याच माणसाचे, त्याच शेताचे आधी-नंतर पाहिले का? बियाण्याच्या जाहिरातीला हे प्रश्न विचारा, सरकारी अहवालाला विचारा, आमच्या भाषणालाही विचारा.

आणि पेरणीच्या तोंडावर, हात रिकामा असताना, कर्जाच्या कागदावर एकट्याने सही करू नका. चार जणांत वाचून घ्या. अक्कल कमी म्हणून नव्हे. त्या दिवशी डोक्यावर ओझे जास्त असते म्हणून.