जकातीच्या कुंपणापलीकडील धंदे

मुंबईच्या अंधेरी उपनगरांत कारखान्यांचें एक कुंपण घातलेलें आवार आहे. नकाशावर तें भारतांत आहे. परंतु जकातीच्या हिशेबांत तें परदेशासारखें समजलें जातें. परदेशांतून तेथें येणाऱ्या कच्च्या मालावर आयात जकात बसत नाहीं. तेथें तयार झालेला माल देशांत विकावयाचा म्हटला, तर मात्र तो सामान्यतः बाहेरून आलेल्या मालाप्रमाणें जकातीस पात्र होतो. 'सीप्झ' या नांवानें ओळखलें जाणारें हें क्षेत्र १९७३ सालीं इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठीं सुरू झालें. त्यापूर्वीं, १९६५ सालीं, कच्छमधील कांडला बंदरापाशीं असाच प्रयोग झाला होता.

जेथें जकात नाहीं तेथें कोणताहि धंदा भरभराटीस येईल, अशी एक समजूत आढळते. ती खरी नाहीं. कुंपणाच्या आंत कोणता धंदा शोभतो, हें जाणण्यासाठीं प्रथम तीन प्रश्न विचारावे लागतात : कच्चा माल कोठून येतो, गिऱ्हाईक कोठें राहतें, आणि मध्यंतरीं त्या मालांत कोणती भर पडते?

सर्वांत जुना प्रकार वखारीचा. जर्मनींतील हांबुर्ग शहर १८८८ सालीं साम्राज्याच्या जकातसंघांत सामील झालें, तेव्हां बंदराचा एक भाग जकातीवांचून मोकळा ठेवण्यांत आला. तेथील विटांच्या उंच वखारींत कॉफी, चहा, मसाले व गालिचे येऊन पडत. व्यापारी ते निवडीत, प्रतवारी लावीत, पुन्हां बांधीत आणि भाव पाहून दुसऱ्या देशीं धाडीत. विक्री होईपर्यंत जकातीपायीं भांडवल अडकून पडत नसे, हाच त्यांतला लाभ.

दुसरा प्रकार हलक्या व मोलाच्या मालाचा. आयर्लंडमधील शॅनन येथें अटलांटिक ओलांडणारीं विमानें इंधनासाठीं उतरत. लांब पल्ल्याचीं नवीं विमानें निघाल्यावर हा थांबा अनावश्यक ठरूं लागला आणि साऱ्या परिसराच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. तेव्हां १९५९ सालीं विमानतळाला लागूनच कारखान्यांसाठीं मुक्त क्षेत्र काढण्यांत आलें. वजनानें थोडा, किंमतीनें भारी आणि विमानाचें भाडें सोसूं शकेल असा माल तेथें उपयोगी ठरला.

या दोहोंचा संगम अंधेरीच्या दागिन्यांच्या धंद्यांत पाहावयास मिळतो. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सीप्झमध्यें हा धंदा आला आणि पुढें तेथील प्रमुख धंद्यांपैकीं एक झाला. मेणाचे नमुने करणें, त्यांवरून सांचे घेणें, सोनें ओतणें, घासणें, खडे बसविणें व झिलई देणें, हीं सारीं कामें तेथें होतात. घासतांना उडालेल्या सोन्याच्या भुकटीचाहि हिशेब ठेवावा लागतो. समजा, एका अंगठीस १०० रुपयांचें परदेशी सोनें लागलें आणि कारागिरीचे ८ रुपये मिळाले. सोन्यावर १० रुपये जकात भरावी लागली, तर ती साऱ्या कारागिरीहूनहि अधिक झाली! कुंपणाबाहेरील निर्यातदारालाहि जकातीचा परतावा किंवा सूट मिळूं शकते. परंतु त्यासाठीं हमी, कागदपत्रें व वाट पाहणें आलेंच, आणि त्या काळाचें व्याज त्याच ८ रुपयांतून जातें. जेथें कच्चा माल महाग, त्यावरील जकात जबर आणि कारागिरीचा नफा बारीक, तेथें कुंपणाचें मोल सर्वाधिक असतें.

याच्या उलट उदाहरण कोल्हापुरी गुळाचें घ्यावें. ऊंस शेजारच्या शेतांतला, गुऱ्हाळ गांवचें. परदेशी कच्चा मालच नाहीं, तेव्हां वांचवावयाची आयात जकात ती कोणती? ज्याचें गिऱ्हाईक मुख्यतः देशांतच आहे, त्यालाहि हें क्षेत्र मानवत नाहीं. शिवाय २००६ च्या नियमांनुसार पांच वर्षांच्या एकूण हिशेबांत कारखान्यानें परकीय चलन खर्चाहून अधिक मिळवावें लागतें.

परंतु सवलत ही कायमची ठेव नव्हे. संगणकाची कामें करणाऱ्या कंपन्या सीप्झमध्यें आल्या त्या काळीं बाहेरून आणलेल्या संगणकावर भारी जकात असे. भारत १९९७ सालीं माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारांत सामील झाल्यावर ती जकात क्रमानें नाहींशी झाली आणि कुंपणाचा तो लाभहि गेला. विशेष आर्थिक क्षेत्रांतील कारखान्यांना मिळणारी प्राप्तिकराची सूट २०२० नंतर सुरू होणाऱ्या कारखान्यांस मिळेनाशी झाली. हांबुर्गचें मुक्त बंदर तर २०१३ च्या आरंभीं बंदच झालें. युरोपीय देशांमधील जकाती उठल्यावर त्याचें प्रयोजन फारसें उरलें नव्हतें.

म्हणून अशा क्षेत्रांत भांडवल घालणाऱ्यानें आणि तेथें मुलाला किंवा मुलीला कामास धाडणाऱ्या घरानेंहि एक चौथा प्रश्न विचारणें अगत्याचें आहे : उद्यां ही सवलत उठली, तर मागें काय उरेल? ज्या धंद्याचा सारा नफा जकात चुकण्यांतच आहे, तो सवलत संपतांच दुसऱ्या कुंपणाच्या शोधांत निघून जातो, आणि कामगार मात्र येथेंच राहतो. ज्या धंद्यानें हाताला खडा बसविण्याची, सांचा घडविण्याची, यंत्र जुळविण्याची विद्या दिली, तो गेला तरी ती विद्या कामगाराजवळ राहते आणि दुसऱ्या दारीं त्याला भाकर मिळवून देते. जकातीची माफी धंद्याला आरंभीं हात देते. तो टिकतो मात्र कारागिराच्या हातावर.