किशोरांची सेवा आणि वडीलधाऱ्यांची जबाबदारी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कापडे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘किशोर आणि समाजसेवा’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी काही व्यासंगी वक्ता नव्हे. परंतु या विषयात एक मोठी चूक माझ्या हातून घडलेली आहे. त्या चुकीने मला जे शिकविले, तेवढेच आपल्यासमोर ठेवतो.

२२ जुलै २०२१ हा दिवस या भागातील कोणाच्याही स्मरणातून जाणार नाही. सावित्री आणि गांधारी यांच्या पुराने महाड शहर बुडाले. तळीये येथे डोंगर कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. आपल्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. पाणी ओसरल्यावर महाडच्या घराघरांत साचलेला चिखल उपसण्यास ठिकठिकाणांहून स्वयंसेवक आले. मीही आपल्या विभागातील ९ मुलांना घेऊन गेलो. त्यांची वये १४ ते १७. उत्साह अमाप होता, तयारी मात्र शून्य. पायांत बूट नव्हते, आईवडिलांची रीतसर संमती घेतली नव्हती, कोण कोणत्या आळीत गेला याची नोंदही नव्हती. सायंकाळी निघताना मोजदाद केली, तो मुले आठच भरली.

नववा मुलगा दीड तासाने सापडला. एका वृद्ध बाईंच्या माजघरात तो एकटाच चिखलाची घमेली भरीत होता. तळपायात काच शिरून रक्त वाहत होते, आणि ‘काका, आजींना असे टाकून कसा येऊ?’ असे तो उलट मलाच विचारीत होता. त्याच्या अंतःकरणाला माझा नमस्कार! पण त्या दीड तासात त्याच्या आईला काय उत्तर द्यावे, हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात घुमत होता. पुराच्या चिखलात उंदरांच्या मूत्रावाटे आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात व ते जखमेतून शरीरात शिरतात, हेही मला पुढे दवाखान्यात कळले. वेळेवर उपचार झाले, मुलगा बरा झाला. हे त्याचे सुदैव. त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते.

बंधू-भगिनींनो, आपली मुले उमरठच्या शेजारची. तानाजीरावांची कथा ऐकतच ती वाढतात, आणि सेवा म्हणजे संकटात उडी घेणे, असा समज त्यांच्या मनात रुजतो. परंतु १६७० साली सिंहगडाचा कडा जे मावळे चढले, ते कडेकपारीतच वाढलेले होते. त्यांच्या शौर्यामागे सरावाची मोठी शिदोरी होती. सरावावाचून केलेले धाडस हे शौर्य नव्हे. त्यामुळे एका संकटग्रस्ताचे दोन होतात.

आपल्याच परिसरातील दोन प्रसंग पाहा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला. एस.टी.च्या दोन गाड्या व इतर वाहन अंधारात नदीत कोसळले. पूल नाहीसा झाला, हे जवळच्या गॅरेजमधील एका माणसाच्या ध्यानात आले. त्याने नदीत उडी घेतली नाही. त्याने मागून येणारी वाहने थोपविली आणि पोलिसांना वर्दी दिली. किती प्राण त्याने वाचविले, याचा हिशेब कोण करील? दुसरा प्रसंग २८ जुलै २०१८ चा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील मंडळींची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळून ३० जण मृत्युमुखी पडले. त्या दरीत मदतीला उतरले ते दोराचा सराव असलेले गिर्यारोहक. सांगावयाचे ते इतकेच की, पाहणे, थोपविणे आणि वर्दी देणे हे कोणासही साधेल, मात्र दरीत आणि पुरात उतरणे हे शिकलेल्यांचे काम आहे. शिकलेल्यांनाही ते सोपे नसते. १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीसाठी डोंगर चढत असता अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा वाटेतच हृदयविकाराने अंत झाला.

मग १८ वर्षांच्या आतील मुलामुलींनी करावे तरी काय? पुष्कळ काही करता येईल.

पहिले काम पावसाळ्यापूर्वीचे. आपल्या वाड्यांतील कर्ते पुरुष मुंबईला, घरी राहतात म्हातारी माणसे. कोणाला ऐकू येत नाही, कोणाला अंथरुणावरून उठवत नाही, कोणाच्या घरी तान्हे मूल आहे. मुलांनी दोघादोघांनी घरोघर जाऊन ही माहिती वहीत लिहावी. मुंबईतील मुलाचा दूरध्वनी क्रमांक, रोजची औषधे, अडचणीच्या वेळी कोणाच्या घरी न्यावयाचे, हे सारे नोंदवावे. ती वही पोलीस पाटलांकडे आणि मंडळाकडे असावी. रात्री घर सोडण्याची वेळ आली, तर कोणाचे दार प्रथम ठोठवावे, हे ती वही सांगेल.

दुसरे काम पाऊस मोजण्याचे. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्यावी. २४ तासांत २०४ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर हवामान खाते त्यास अत्यंत मुसळधार म्हणते. त्याबरोबरच घरामागे जमिनीला भेग पडली, झाड वा खांब कलला, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले, तर मुलांनी मागे वळावे आणि मोठ्यांना सांगावे. भेग किती खोल आहे हे पाहण्यास पुढे जाऊ नये. आणि मोठ्यांनीही ‘पोराचे काय ऐकायचे’ असे म्हणू नये. वर्दी देणाऱ्याचे वय पाहावयाचे नसते. संकटाच्या वेळी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक प्रत्येक मुलास तोंडपाठ हवेत.

तिसरे काम संकट ओसरल्यावरचे. धान्याची पाकिटे बांधणे, भिजलेली कागदपत्रे वाळविणे, पंचनाम्याचे अर्ज वृद्धांना वाचून दाखविणे, छावणीतील लहान मुलांना गोष्टी सांगणे व शिकविणे, ही कामे चिखल उपसण्याइतकीच मोलाची आहेत. मुलींनाही ती सर्व खुली असावीत. केवळ स्वयंपाक त्यांच्या वाट्याला देऊ नये.

आता वडीलधाऱ्यांसाठी काही नियम सुचवितो. आईवडिलांच्या लेखी संमतीवाचून एकाही मुलास नेऊ नये. दर पाच-सहा मुलांमागे एक जबाबदार प्रौढ असावा. मुलींबरोबर एक भगिनी असावीच. कोणासही एकटे काम देऊ नये व अंधार पडण्यापूर्वी सर्वांना घरी पोहोचवावे. जाताना, दुपारी आणि परतताना नावे घेऊन हजेरी घ्यावी. वाहते पाणी, दरड, पडकी भिंत आणि तुटलेली वीजतार यांजवळ मुलांना फिरकू देऊ नये. चिखलाजवळ बूट व हातमोजे हवेतच. ज्याच्या अंगावर जखम आहे, त्यास त्या दिवशी दुसरे काम द्यावे. वर्गणीची रोख रक्कम मुलांच्या हाती देऊ नये. आणि मुलाने ‘मला भीती वाटते’ असे सांगितल्यास त्याची थट्टा कदापि करू नये.

मुलांनो, तुम्हांस थांबावयास सांगतो, ते कायमचे नव्हे. १८ वर्षे पूर्ण झाल्यावर तुम्हांला रक्तदान करता येईल, ‘आपदा मित्र’ योजनेत शोध व बचावाचे शिक्षण घेता येईल. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. तोवर प्रथमोपचार शिका, पोहणे शिका, गाव पाठ करा.

मंडळास माझी नम्र विनंती आहे. संमेलनाच्या खर्चातून थोडी बचत करून २० जोड बूट, हातमोजे, प्रथमोपचाराची पेटी आणि एक पर्जन्यमापक घ्यावा. आपल्या ज्ञातीतील डॉक्टर व परिचारिका यांनी मे महिन्यात गावी आल्यावर दोन दिवसांचा वर्ग घ्यावा. मुंबईकर मंडळींनी एवढे केले, तर घरी असलेल्या त्यांच्याच आईवडिलांची काळजी घेतली जाईल.

तो नववा मुलगा आता मोठा झाला आहे. आज सकाळी दारात बसून मुलांची हजेरी घेणारा तरुण आपण पाहिलात, तोच तो. ‘काका, आज सगळी भरली,’ असे त्याने मला येऊन सांगितले. सेवेला गेलेली आपली सारी मुले सायंकाळी अशीच मोजून पुरी भरावीत, एवढीच कुलस्वामिनीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!