पार्श्वसंगीत : ऐकणाऱ्याची बाजू

(सिल्वासा येथील पावसाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय आहे चित्रपटाचं पार्श्वसंगीत आणि ते घडवणारे संगीतकार. मी वादक नाही आणि संगीताचा शिक्षकही नाही. चित्रपट मन लावून ऐकणारा एक रसिक म्हणून मी इथे उभा आहे. मतं माझी आहेत. ती पटली नाहीत तर शेवटी जरूर वाद घाला, वेळ ठेवलेला आहे.

ऑगस्ट महिना आहे आणि आपण सिल्वासात आहोत, तेव्हा सुरुवात बाबूजींपासूनच, म्हणजे सुधीर फडक्यांपासूनच करायला हवी. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झालं. त्या लढ्यात उतरलेल्या तरुणांमध्ये सुधीर फडके होते. ‘प्रभात’च्या ‘गोकुळ’पासून चित्रपटांना संगीत देणारा, ‘वंदे मातरम्’, ‘लाखाची गोष्ट’ असे चित्रपट नावावर असलेला पस्तिशीतला संगीतकार हातातली कामं बाजूला ठेवून दमणगंगेच्या काठावर आला. लढ्याला पैसा हवा होता. त्यासाठी त्याच वर्षी पुण्यात हिराबागेत लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला, तोही बाबूजींच्याच पुढाकाराने. चित्रपटसंगीताने एखाद्या गावाच्या स्वातंत्र्याला इतका थेट हातभार लावल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. पुढच्याच वर्षी पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि छप्पन्न गीतांनी घराघरात बाबूजींचं नाव पोहोचवलं. आपल्या गावाशी त्यांचं असलेलं नातं मात्र इथल्या शाळकरी मुलांपर्यंतही नीट पोहोचलेलं नाही.

बाबूजींच्या चाली लोकांच्या ओठांवर आहेत. मला त्यांचं मोल वाटतं ते त्यांच्या संयमासाठी. शब्द स्पष्ट ऐकू आला पाहिजे, वाद्याने त्याच्यावर चढायचं नाही, हा त्यांचा नेम होता. १९६० चा ‘जगाच्या पाठीवर’ पुन्हा पाहा. त्यातली माणसं रस्त्यावर गाऊन पोट भरतात, त्यामुळे गाणं कथेतूनच उगवतं, वरून चिकटवलेलं वाटत नाही. कथेला जितकं हवं तितकंच संगीत द्यायचं, ही शिस्त त्यात दिसते. आज मला जे सांगायचं आहे ते नेमकं हेच आहे : चित्रपटाच्या संगीतकाराची खरी परीक्षा तो कुठे वाजवतो यापेक्षा कुठे हात आवरतो यात होते.

आता हे काम चालतं कसं ते थोडक्यात पाहू. गाणी आधी होतात. पार्श्वसंगीत, म्हणजे या धंद्यातली मंडळी ज्याला नुसतं ‘बॅकग्राउंड’ म्हणतात ते, चित्रपटाचं संकलन झाल्यावर अगदी शेवटी होतं. संगीतकार एकेक रीळ पाहतो. संगीत कुठे सुरू व्हायचं आणि कोणत्या क्षणी थांबायचं हे ठरवतो, सेकंद मोजतो. अरेंजर प्रत्येक वाद्याचं नोटेशन लिहून काढतो. जुन्या पद्धतीत समोर पडद्यावर चित्र चालायचं आणि वादक त्याच्याबरोबर वाजवायचे. मग संवाद, पावलांचे नि दारांचे आवाज आणि संगीत या सगळ्यांचं मिक्सिंग. प्रदर्शनाची तारीख डोक्यावर, हातात मोजके दिवस. इतकं करून लोक घरी जातात ते गाणी गुणगुणत. बॅकग्राउंड कुणी केलं हे विचारणारा विरळाच. पुष्कळदा गाण्यांचा संगीतकार एक आणि पार्श्वसंगीताचा दुसरा असतो, हेही प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही.

या कामात हिंदीतला सर्वांत मोठा माणूस कोण, असं विचारलं तर मी जयकिशनचं नाव घेईन. जयकिशन डाह्याभाई पांचाळ हा आपला शेजारी. वांसदा त्याचं गाव, इथून डोंगर ओलांडला की पोहोचता. शंकर-जयकिशन या जोडीत पार्श्वसंगीताची बाजू मुख्यतः त्याच्याकडे असायची. राज कपूरचा १९५३ चा ‘आह’ लक्ष देऊन पाहा. मागे व्हायोलिनवर एक सुरावट ऐकू येते आणि आपण दचकतो, कारण ती आपल्या ओळखीची असते. तीच सुरावट सतरा वर्षांनी ‘मेरा नाम जोकर’मध्ये गाणं होऊन आली आणि अख्ख्या देशाला रडवून गेली. पार्श्वसंगीतासाठी सहज टाकलेल्या तुकड्यात एवढा ऐवज असेल, तर त्या माणसाच्या पोतडीत काय काय असेल! त्याच्या व्हायोलिनच्या ताफ्याला काही जण भडक म्हणतात. मला ते मान्य नाही. राज कपूरची माणसं मोठ्याने रडणारी, मोठ्याने प्रेम करणारी आहेत. त्यांना तेवढंच मोठं आभाळ लागतं आणि जयकिशनने ते दिलं. १९७१ मध्ये ऐन उमेदीत तो गेला.

पण तो ताफा कागदावर कोण उतरवत होतं? सेबॅस्टियन डिसोझा, गोव्याचा माणूस. इथे इतिहासाचा एक धागा आपल्याशी येऊन जुळतो. ज्या पोर्तुगीज राजवटीविरुद्ध बाबूजी इथे उभे राहिले, त्याच राजवटीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जात होतं. ती मुलं मोठी होऊन मुंबईला आली आणि हिंदी चित्रपटाचा वाद्यवृंद त्यांनी उभा केला. आमचे बुजुर्ग संगीतकार चाल पेटीवर सांगायचे आणि गोव्याचे अरेंजर ती पन्नास वादकांसाठी लिहून काढायचे. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन व्हायोलिन शिकले. श्रेयनामावलीत ही माणसं बहुतेक ‘सहायक’ म्हणून आली किंवा आलीच नाहीत. हा अन्याय होता असं माझं स्वच्छ मत आहे. राजवट वाईट होती म्हणून तिच्याखाली वाढलेल्या माणसांची विद्या परकी ठरत नाही.

मराठीकडे वळतो. संगीत कुठे नको, हे आपल्याकडे सर्वांत आधी आणि सर्वांत धिटाईने सांगितलं ते ‘प्रभात’च्या ‘कुंकू’ने, १९३७ मध्ये. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत केशवराव भोळे. तरुण नीरेचं लग्न फसवून एका वृद्ध विधुराशी लावून दिलं जातं आणि ती हा संसार मानायला नकार देते. अशा विषयावर करुण वाद्यं वाजवण्याचा मोह कुणालाही झाला असता. भोळ्यांनी आणि शांतारामांनी वेगळं पार्श्वसंगीत घातलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज ठेवले. शांता आपटे गातात तेव्हाही साथीला ग्रामोफोनची तबकडी असते, म्हणजे संगीताचं कारण पडद्यावरच दिसतं. बोलपट आपल्याकडे येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती! याच भोळ्यांनी आदल्या वर्षी ‘संत तुकाराम’ला भरभरून संगीत दिलं होतं. भरभरून देता येत असूनही जो हात आखडता घेतो, तो मोठा संगीतकार.

वसंत देसाई ‘प्रभात’च्याच तालमीतले. ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘गूंज उठी शहनाई’ यांची गाणी सर्वांना माहीत आहेत. १९७३ चा गुलजारांचा ‘अचानक’ मात्र फारसा कुणी आठवत नाही. त्यात एकही गाणं नाही. गाण्यांवर नाव कमावलेल्या देसाईंनी तो चित्रपट नुसत्या पार्श्वसंगीतावर सांभाळला. देसाईंचं मोठेपण तपासायचं असेल तर ‘गूंज उठी शहनाई’ आणि ‘अचानक’ पाठोपाठ ऐका, असं मी सुचवीन.

आता थोडं आपल्या मातीबद्दल. खानवेल, दुधनीकडच्या पाड्यांवर तारपा ऐकला नाही असा या सभागृहात कुणी नसेल. वाळवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा नाकाने श्वास घेत फुंकत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. तो मध्ये उभा असतो आणि बायका-पुरुषांचा फेर त्याच्याभोवती फिरतो. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात, तो वळला की फेर वळतो. नृत्याला सूर कसा हाकतो, हे वारली माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आणि आपला चित्रपट आदिवासी दाखवतो कसा? तेच ढोल, त्याच आरोळ्या, मग तो वारली असो, गोंड असो की भिल्ल. या आळसाची मला मनापासून चीड आहे.

याला सणसणीत अपवाद आहे १९७७ चा ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांची गीतं, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ठाकर आदिवासींच्या जगण्यातला ठेका आणि सूर घेऊन हृदयनाथांनी तो चित्रपट बांधला. रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे गात गात कथा पुढे नेतात, त्यामुळे गाणं कुठे संपलं आणि पार्श्वसंगीत कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही. आदिवासी जीवनावरचा मराठीतला संगीताच्या दृष्टीने सर्वश्रेष्ठ चित्रपट म्हणून मी तो मानतो. पण तो ठाकरांचा आहे. वारल्यांचा, तारप्याचा असा चित्रपट अजून व्हायचा आहे.

भास्कर चंदावरकरांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ‘सामना’पासून ‘श्वास’पर्यंतचा हा संगीतकार पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवतही होता. ‘श्वास’मध्ये डोळे कायमचे जाणार असलेला नातू आणि त्याचे आजोबा आहेत. तिथे जास्त वाजवलं असतं तर चित्रपट रडका झाला असता. चंदावरकरांनी आजोबांची घालमेल नटावर सोपवली.

आणि अलीकडचं म्हणाल तर ‘सैराट’, २०१६. अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतलं. करमाळ्याकडच्या पोरांच्या प्रेमाला हॉलिवूडचे व्हायोलिन कशाला, अशी टीका झाली. मला ती पटत नाही. आर्ची-परशाचं स्वप्न त्यांच्या गावापेक्षा मोठं आहे, तेव्हा त्यांच्या कानातलं संगीतही मोठंच असणार. शिवाय दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी त्याचा हिशेब शेवटी चुकता केला. त्यांचं लहान मूल शेजारणीबरोबर घरी येतं, आत जातं, आई-बापाकडे पाहून रडतं आणि बाहेर पडतं. फरशीवर त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे उमटतात. मूल रडताना दिसतं, पण त्याचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. वाद्य नाही, आवाज नाही, काहीच नाही. पूर्वार्धात एवढं वाजलं म्हणूनच ही शांतता अंगावर येते. ‘कुंकू’ने घेतलेला निर्णय एकोणऐंशी वर्षांनी मराठीने पुन्हा घेतला, तोही आपल्या सर्वांत लोकप्रिय चित्रपटात.

मग आजच्या पुष्कळशा चित्रपटांत आणि मालिकांत एवढा गोंगाट का? मला दोन कारणं दिसतात. एक भीती : प्रेक्षक क्षणभर गप्प बसला तर उठून जाईल, ही. म्हणून सासूने मान वळवली की तीनदा दणका. दुसरं कारण उसनवारी. संकलन करताना दुसऱ्याच चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावतात, दिग्दर्शकाच्या कानाला त्याची सवय होते आणि मग संगीतकाराला ‘असंच काहीतरी द्या’ म्हणून सांगतात. अशाने सगळे चित्रपट एकसारखे वाजू लागले आहेत. दोष तरुण संगीतकारांचा नाही. ‘फँड्री’ला आलोकनंदा दासगुप्ता यांनी किती मोजकं आणि नेमकं संगीत दिलं ते आठवा. गुणी माणसं आहेत. त्यांना वेळ द्यायला आणि नको तिथे ‘नको’ म्हणायला निर्माते तयार नाहीत.

श्रोतेहो, आपल्या हातात काय आहे? बरंच आहे. चित्रपट संपला की श्रेयनामावली पूर्ण होईपर्यंत जागेवरून उठू नका. संगीत कुणाचं, अरेंजर कोण, वादक कोण हे वाचा आणि मुलांना वाचायला लावा. आवडत्या चित्रपटाचा एखादा प्रसंग पडद्याकडे न पाहता नुसता ऐका. इथल्या शाळांनी २ ऑगस्टच्या कार्यक्रमात बाबूजींचं नाव घ्यावं आणि त्यांचं एखादं गीत मुलांकडून बसवून घ्यावं. आणि ज्या तरुणांच्या खिशात चांगला फोन आहे त्यांनी येत्या सुगीत पाड्यावर जाऊन, परवानगी घेऊन, जाणत्या तारपावादकांचं वादन ध्वनिमुद्रित करावं, त्यांची नावं आणि चालींची नावं लिहून ठेवावी. वारल्यांवरचा तो न झालेला चित्रपट उद्या कुणी करायला घेतला, तर त्याच्या संगीतकाराला लागणारा ऐवज आपल्या गावाने तयार ठेवलेला असला पाहिजे. एवढं काम आपण मनावर घ्यावं, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.