मधला पोशाख



पुरुषांचे कपडे आपण सामान्यतः दोन वर्गांत घालतों : घरांत वापरावयाचे आणि समारंभाला घालावयाचे. परंतु आयुष्यांतील पुष्कळसे प्रसंग या दोहोंच्या मध्यें पडतात. संध्याकाळीं व्याख्यानाला जावयाचें असतें, स्नेह्याच्या घरीं बारशाचें बोलावणें असतें, मुलासाठीं मुलगी पाहावयास जावयाचें असतें. अशा वेळीं घरचा लेंगा-सदरा अपुरा वाटतो. आणि सूट चढविला तर यजमानापेक्षां पाहुणाच अधिक नटलेला दिसतो. या मधल्या प्रसंगांसाठीं पुरुषांनीं पोशाख कसा जुळवावा, याविषयीं आज चार शब्द बोलण्याचा विचार आहे.

विषय क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. शिक्षकाच्या पेशांत असतांना एका बक्षीस-समारंभाच्या वेळीं मीं एका गृहस्थांना मंडपाबाहेर उभे असलेले पाहिलें. त्यांचा मुलगा वर्गांत पहिला आला होता. मीं आंत येण्याचा आग्रह केला, तेव्हां त्यांनीं एकदां पुढल्या रांगेंतील सुटांकडे व एकदां स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिलें आणि मान हलविली. सदरा स्वच्छ होता, इस्त्री केलेला होता. त्यांत उणें असें कांहींच नव्हतें. मुलानें बक्षीस घेतलें, तें बापानें कनातीच्या फटींतून पाहिलें. पोशाखाची खोटी कल्पना माणसाला अशी माणसांपासून तोडते. दुसरीकडे, लग्नाच्या एका संध्याकाळसाठीं ऋण काढून सूट शिवणारींहि घरें आहेत. म्हणून या विषयांत थोडा विवेक हवा.

पूर्वीच्या पिढीनें हा प्रश्न कसा सोडविला होता, तें पाहण्यासारखें आहे. स्वातंत्र्यापूर्वीच्या नागपुरांतील शिक्षक, वकील किंवा कारकून डोळ्यांपुढें आणा. खालीं धोतर, वर कोट, डोक्यावर टोपी, पायांत वहाणा. कोटाची बेतणी विलायती. धोतर मात्र या भागांतल्या मागावरचें. रेशीमकांठी वस्त्रांसाठीं उमरेडचे विणकर त्या काळीं प्रसिद्धच होते. दोन देशांच्या या दोन वस्तू एका अंगावर कोणालाहि विजोड वाटत नसत. कारण कोटानें प्रतिष्ठा सांभाळावी आणि धोतरानें शरीराला मोकळें ठेवावें, अशी कामाची वांटणी झालेली होती. मधल्या पोशाखाचें सारें रहस्य या वांटणींत आहे. एका वस्त्रानें प्रसंगाचा मान राखावा, बाकीच्यांनीं साधें राहावें.

हाच नियम आजच्या कपड्यांना लावून पाहा. साधा पांढरा सदरा आणि करड्या रंगाची विजार यांवर बिनबाह्यांचें जाकीट चढविलें, कीं तोच मनुष्य व्याख्यानाच्या सभागृहांत शोभतो. पंडित नेहरूंच्या नांवानें ओळखलें जाणारें हें जाकीट मधल्या पोशाखाचा कणाच होय. जीनची निळी विजार तरुणांना प्रिय आहे. ती गडद असेल, फाटकी नसेल आणि वर चांगला इस्त्रीचा शर्ट असेल, तर तीहि चालते. झब्ब्यावर कशिदा असेल, तर खालचा पायजमा अगदीं साधा असावा. मात्र रेशमी झब्बा, कशिद्याचें जाकीट आणि जरीची मोजडी हीं तिन्ही एकाच वेळीं चढविलीं, कीं लोक नवरदेव कोणता हें शोधूं लागतात.

दुसरा विचार हवामानाचा. आपल्या नागपुरांत 23 मे 2013 रोजीं पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि 29 डिसेंबर 2018 रोजीं तो 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. अशा गांवीं बारमास एकच पोशाख चालेल, ही आशाच व्यर्थ. सूट जन्मला थंड देशांत. त्याचें अस्तर बहुधा कृत्रिम धाग्याचें असतें. तें घाम शोषीत नाहीं व वाळूंहि देत नाहीं. वैशाखांतील लग्नांत सूट घालून घाम पुसणारा पाहुणा रुबाबदार दिसत नाहीं, दयनीय दिसतो. उन्हाळ्यांत सुती कापड, फिकट रंग आणि अंगाला न चिकटणारी बेतणी हींच खरीं. लिनन या नांवानें मिळणारें कापडहि उत्तम. ज्या जवसाची चटणी आपण खातों, त्याच जातीच्या झाडाच्या खोडांतील तंतूंचें तें बनतें. त्याला सुरकुत्या पडतात, पण तो त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे.

थंडीच्या संध्याकाळीं आपल्याजवळ कोसा आहे. भंडारा जिल्ह्यांतील मोहाडी, आंधळगांव या बाजूला तो विणला जातो. त्याचा मूळचा बदामी रंग कोणत्याहि गडद विजारीवर खुलतो. एका जाकिटाला, पन्हा पाहून, सुमारें दीड मीटर कापड पुरतें. म्हणजे सुटापेक्षां खर्च कमी, आणि पैसा आपल्याच भागांतील विणकराच्या घरीं जातो.

कापड पारखण्याची ही दृष्टि आपण हरवीत चाललों आहोंत. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथें 1 जानेवारी 1877 रोजीं सुरू झाली आणि 2002 सालीं बंद पडली. तिच्या जागेच्या एका भागावर पुढें त्याच नांवाचें व्यापारी संकुल उभें राहिलें. जेथें कापड विणलें जाई, तेथें तयार कपडे विकले जाऊं लागले. तयार कपडे घेण्यांत गैर कांहीं नाहीं. पण घेतांना छाप न पाहतां कापड बोटांत धरून पाहावें, आंतील पट्टीवर सूत किती व कृत्रिम धागा किती तें वाचावें, आणि शिवण उलटून तपासावी.

तिसरी गोष्ट मापाची. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच यावी, बाही मनगटाशीं थांबावी, विजारीच्या चुण्या बुटावर सांचूं नयेत. सुती कापड शिंप्याकडे देण्यापूर्वीं भिजवून वाळवावें, नाहींतर पहिल्या धुण्यांतच माप बिघडतें. महागडा पण ढगळ कोट आणि साधा पण मापाचा सदरा यांत दुसराच उजवा ठरतो. पायांतील जोडा चामड्याचा व पुसलेला असावा. पट्टा त्याच रंगाचा असावा. एकंदर रंग तीनांहून अधिक नसावेत, आणि त्यांतील एकच उठावदार असावा.

तात्पर्य, मध्यम स्थितीच्या गृहस्थाच्या कपाटांत दोन बऱ्यापैकीं सदरे, एक झब्बा, दोन साध्या विजारी, एक जाकीट आणि एक चांगला जोडा एवढें असलें, कीं वर्षांतील बहुतेक निमंत्रणें निभावतात. शेजाऱ्याचें कपाट किती भरलेलें आहे, हा हिशेब त्यांत घेऊं नये. निमंत्रण हातांत पडल्यावर मन खट्टू न होतां घराबाहेर पाऊल पडावें, इतकेंच कपड्यांकडून घ्यावयाचें काम आहे. आणि तें काम साध्या, स्वच्छ, मापाच्या कपड्यांनीं उत्तम होतें.