विमानात कानाला दडे का बसतात?

नवी मुंबईतलं दिवाळे गाव खाडीकाठचं. तिथल्या जेट्टीवर हवेचा दाब साधारण १०१३ मिलिबार असतो. ३५ हजार फुटांवर तो जेमतेम चौथा हिस्सा उरतो. ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच. पण हवाच इतकी विरळ, की मिनिटभरात भान हरपू शकतं. म्हणून विमानात दाबाखाली हवा भरतात. तरीही ती सहा ते आठ हजार फुटांवरच्याइतकी, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही विरळ असते.

२० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई-जयपूर विमानात दाब राखणारी कळ चालू करायची राहिली. काही प्रवाशांच्या नाकाकानातून रक्त आलं आणि विमान मुंबईला परतलं.

एरवी त्रास होतो तो उतरताना. कानाबाहेरचा दाब वाढतो, कानाचा पडदा आत ओढला जातो आणि दडे बसतात. अशा वेळी आवंढा गिळा, जांभई द्या. तान्ह्या बाळाला दूध पाजा. सर्दीने नाक चोंदलं असेल, तर प्रवासाआधी डॉक्टरांना विचारा. आणि कधी ऑक्सिजनचा मास्क खाली आलाच, तर आधी स्वतः लावा, मग मुलाला.